पहिल्या आठवड्यात दोन किलो, चौथ्या आठवड्यात काहीच नाही: वजनाचा काटा नेमकं काय मोजतो?

दिवाळी संपली, नवं वर्ष लागलं किंवा घरातल्या लग्नाची तारीख ठरली की बऱ्याच घरांत एकच गोष्ट सुरू होते. चहातली साखर बंद, रात्रीचा भात बंद, फरसाणाचा डबा वरच्या फळीवर आणि सकाळी अर्धा तास चालणं. सात दिवसांनी काट्यावर उभं राहावं तर चक्क २ किलो कमी! लगेच तोंडी हिशेब होतो. आठवड्याला २, म्हणजे महिन्याला ८, म्हणजे लग्नापर्यंत २० किलो कुठे गेले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात काटा अर्धा किलो खाली येतो. तिसऱ्या आठवड्यात तो हलत नाही. चौथ्या आठवड्यात कधीकधी २०० ग्रॅम वरच दाखवतो. खाणं तेच, चालणं तेच, भूकही तितकीच मारलेली. मग ‘मला हे जमणार नाही’, ‘थायरॉइड असेल’, ‘आमच्या घराण्यातच आहे’ अशी वाक्यं ऐकू येतात आणि फरसाणाचा डबा परत खालच्या फळीवर येतो.

यातली दुःखाची गोष्ट अशी की, अनेकदा या चौथ्या आठवड्यातही चरबी कमी होतच असते. काट्यावर ती दिसत नाही, एवढंच. आणि पहिल्या आठवड्यात जे २ किलो गेले, त्यात चरबीचा वाटा फारच थोडा असतो. पहिल्या आठवड्यातला आनंद आणि चौथ्या आठवड्यातली निराशा एकाच समजुतीतून येते: काट्यावरचा आकडा म्हणजे चरबी. काटा मोजतो ते सगळ्या शरीराचं वजन. त्यात हाडं, स्नायू, रक्त, आतड्यात असलेलं कालचं आणि परवाचं जेवण आणि मुख्य म्हणजे पाणी, सगळंच आलं. प्रौढ माणसाच्या शरीरात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असतं आणि ते रोज खालीवर होत असतं.

हे किती खालीवर होऊ शकतं, याचं एक उदाहरण सगळ्या देशाने पाहिलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट ५० किलो गटात खेळत होती. पहिल्या दिवशी सकाळी तिचं वजन मर्यादेत होतं. त्या दिवशी तीन कुस्त्या झाल्या, मधल्या वेळेत अंगात ताकद राहावी म्हणून थोडं खाणंपिणं झालं आणि संध्याकाळी वजन मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त भरलं, असं भारतीय पथकाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. रात्रभर घाम गाळून त्यातलं जवळपास सगळं उतरवलं गेलं. तरी सकाळी १०० ग्रॅम उरले आणि अंतिम लढत हातची गेली. अडीच किलोंपेक्षा जास्त वजन एका दिवसात चढलं आणि बहुतेक एका रात्रीत उतरलं. त्यात चरबी जवळपास नव्हतीच. शरीराने पाणी धरलं आणि सोडलं.

पहिल्या आठवड्यात काय जातं?

भात, पोळी, भाकरी, बटाटा, साखर यांतून मिळणारी जी शर्करा लगेच वापरली जात नाही, तिचा काही भाग शरीर ‘ग्लायकोजेन’ या रूपात साठवतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास. घरातल्या रोजच्या वापराच्या डब्यासारखा हा साठा आहे. चरबी म्हणजे माळ्यावरचं पोतं. खाणं कमी झालं की आधी हा डबा उतरायला लागतो.

ग्लायकोजेन कोरडं साठवलं जात नाही. दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी त्याच्याबरोबर असतं. म्हणजे भरलेला साठा पाण्यासकट २ किलोंच्या घरात जातो. तो अर्धा जरी रिकामा झाला तरी किलोभर वजन उतरतं. शिवाय पिष्टमय पदार्थ कमी केल्यावर रक्तातलं इन्सुलिन खाली येतं, त्यामुळे मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात आणि मिठाबरोबर पाणीही जातं. बाहेरचं खाणं, लोणचं, पापड कमी झाल्याने मीठ मुळातच कमी पोटात जातं. आणि जेवणच कमी झाल्यामुळे आतड्यातला ऐवजही हलका होतो.

या सगळ्याची बेरीज केली तर पहिल्या आठवड्यातल्या २ किलोंचं कोडं सुटतं. ‘पोट हलकं वाटतंय, अंगठी सैल झाली’ हा अनुभव खराच असतो. फक्त ती चरबी नसते.

कोणत्याही आहारपद्धतीचा पहिला पंधरवडा चमत्कारासारखा का वाटतो, तेही यातून समजतं. दिवसातून दोनदाच जेवायचं असो, १६ तासांचा उपास असो की कीटो, सुरुवातीच्या दिवसांत सगळ्याच पद्धतींत हा डबा थोडाफार रिकामा होतो. कीटोमध्ये पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंदच असल्याने तो जास्त रिकामा होतो, म्हणून जावेचं कीटोवर आठवड्यात ४ किलो उतरलं आणि आपलं दीडच, अशी तुलना काही सांगत नाही. दोघींची चरबी तितकीच गेलेली असू शकते. ‘१० दिवसांत ५ किलो’ अशी जाहिरात करणाऱ्या केंद्रांचा धंदा याच पाण्यावर चालतो. वाफेची पेटी, पोटाला बांधायचा पट्टा, घाम काढणारं जॅकेट या सगळ्यांतून जातं ते पाणी आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर ते परत येतं.

चरबीचा हिशेब

१ किलो चरबीच्या ऊतीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात (बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी). मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी १९५८ मध्ये मांडलेल्या ‘एक पौंड म्हणजे ३,५०० कॅलरी’ या सूत्राचं हे किलोतलं रूप.

आता पहिल्या आठवड्याचे २ किलो चरबीचेच आहेत असं धरून पाहू. १५,४०० कॅलरींची तूट, तीही ७ दिवसांत. म्हणजे रोज २,२०० कॅलरी कमी. घरात आणि ऑफिसात बसून काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियांचा दिवसभराचा सगळा खर्चच जेमतेम एवढा असतो. आठवडाभर अन्नाचा कण न खाताही जे साधणं कठीण, ते साखर आणि रात्रीचा भात बंद करून होणार नाही.

मग शक्य काय आहे? रोज ५०० कॅलरींची तूट, ही अनेक डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सुचवतात अशी मर्यादा. आठवड्याला ३,५०० कॅलरी म्हणजे ४५० ग्रॅम चरबी. अर्धा किलोही नाही. आणि ५०० कॅलरींची तूट ही बोलण्याइतकी सोपी नसते. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल, तर ती सोडून वाचतात साधारण १६० कॅलरी. फोडणीतलं तेल दिवसाला तीन चहाचे चमचे कमी केलं तर १३५ च्या आसपास. एक पोळी कमी केली तर शंभरेक. एवढं सगळं रोज, न चुकता केलं तरी बेरीज ४०० च्या थोडी खालीच राहते.

चालण्याबद्दल तर सगळ्यात मोठा अपेक्षाभंग होतो. अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालणं म्हणजे साधारण अडीच किलोमीटर. ७०-८० किलो वजनाच्या माणसाच्या त्यात १०० ते १५० कॅलरी खर्च होतात. महिनाभर एकही दिवस न चुकता चाललं तरी हिशेबाने अर्धा किलो चरबी. चालून परत येताना कोपऱ्यावरच्या गाडीवर एक वडापाव झाला, तर त्या दिवशीचं चालणं दोनदा वसूल. चालण्याचे फायदे खूप आहेत. रक्तदाब, साखर, झोप, गुडघे, मन, सगळ्यांसाठी ते चांगलं आहे. पण ‘एवढं चालून वजन का उतरत नाही’ या प्रश्नाचं उत्तर असं की, नुसत्या चालण्याने ते महिन्याभरात फारसं उतरत नसतं.

चौथ्या आठवड्यातलं कोडं

समजा, ८२ किलो वजनाची एक व्यक्ती रोज ५०० कॅलरींची तूट ठेवते आहे. पहिल्या आठवड्यात ४५० ग्रॅम चरबी गेली आणि दीडएक किलो पाणी व इतर ऐवज. काटा दाखवतो ८०. दुसऱ्या आठवड्यात आणखी ४५० ग्रॅम चरबी आणि थोडं पाणी. काटा ७९.४. तिसऱ्या आठवड्यातही ४५० ग्रॅम चरबी गेली. पण शनिवारी चुलत भावाचं लग्न होतं. पंगतीत मसालेभात, मठ्ठा, लोणचं, जिलबी झाली. रविवारी सकाळी काटा दाखवतो ७९.६.

एका जेवणाने साडेसहाशे ग्रॅम चरबी वाढली का? त्यासाठी नेहमीच्या खर्चाच्या वर ५,००० कॅलरी खायला लागल्या असत्या. झालं ते एवढंच: भात आणि जिलबीने ग्लायकोजेनचा डबा थोडा भरला आणि त्याबरोबर पाणी आलं. मिठाने आणखी पाणी धरलं. सलाईनच्या बाटलीत दर लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं आणि शरीर आपल्या द्रवांतलं मिठाचं प्रमाण साधारण तेवढंच राखतं. त्यामुळे नेहमीपेक्षा ४-५ ग्रॅम मीठ जास्त पोटात गेलं, तर ते बाहेर पडेपर्यंतच्या एक-दोन दिवसांत अर्धा लिटर पाणी जास्तीचं राहू शकतं. त्या रविवारी या व्यक्तीच्या अंगावर तीन आठवड्यांपूर्वीपेक्षा किलोच्या वर चरबी कमी होती. काट्याने मात्र ‘मागच्या आठवड्यापेक्षा वाढलं’ असं सांगितलं.

लग्नच हवं असं नाही. व्यायाम नव्याने सुरू केला की ताण पडलेले स्नायू दुरुस्तीसाठी पाणी धरून ठेवतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जिममध्ये जाऊन वजन उलट वाढलेलं दिसतं, त्याचं हे मोठं कारण. (‘चरबीचं स्नायूत रूपांतर झालं’ असं तिथले ट्रेनर सांगतात, पण चरबी स्नायू बनत नाही आणि दोन आठवड्यांत किलोभर नवा स्नायूही तयार होत नाही.) स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी साचतं. अर्धा-एक किलो, काहींना त्याहून जास्त. महिन्याभरात जेमतेम दीड-दोन किलो चरबी जात असेल तर ही लाट त्यातले दोन आठवडे सहज झाकून टाकते. नवरा-बायकोने एकाच दिवशी, एकाच स्वयंपाकावर सुरुवात केली आणि त्याचं वजन शिस्तीत उतरलं, तिचं मात्र चढउतार करत राहिलं, तर त्यात तिची कुचराई शोधण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. घरात हे फार कमी वेळा लक्षात घेतलं जातं.

बद्धकोष्ठ, उन्हाळा, प्रवास, अपुरी झोप हे सगळे आपापला वाटा उचलतातच. उपवासाचंही तसंच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचे लाडू झाले असतील तर दुसऱ्या दिवशीच्या काट्याकडून काही आशा ठेवू नये. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच आलेली नाही.

पाणी चरबीची घट कसं झाकतं, याची जुनी नोंद फार टोकाच्या परिस्थितीतली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. युद्धात लढायला नैतिक नकार देणारे हे तरुण स्वेच्छेने त्यात आले होते. २४ आठवडे त्यांना जवळपास अर्ध्या आहारावर ठेवण्यात आलं आणि त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश घटलं. पण ते हाडकुळे होत असतानाच त्यांचे पाय आणि चेहरे सुजत होते. शरीर आतून झिजत असताना पाणी धरून ठेवत होतं आणि काट्यावरची घट प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत होती. घरी साखर-भात कमी करणाऱ्याची अवस्था अशी नसते, हे उघड आहे. पण काटा आणि चरबी यांची चाल वेगवेगळी असू शकते, हे तिथे अगदी स्पष्ट दिसलं.

सरळ रेषा का चालत नाही?

पाण्याचा गोंधळ वगळला तरी एक गोष्ट उरते. ‘रोज इतक्या कॅलरी कमी, म्हणून वर्षात इतके किलो’ हा ७,७०० चा हिशेब काही आठवड्यांसाठी ठीक आहे, वर्षासाठी नाही. वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो. लहान झालेल्या शरीराला चालवायला इंधन कमी लागतं, शिवाय शरीर थोडी जास्तीची काटकसरही करतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये यासाठी वेगळं गणित मांडलं. त्याचा ढोबळ नियम असा: रोजच्या खाण्यात कायमची २४ कॅलरींची घट केली तर वजन शेवटी १ किलोने कमी होतं, त्यातलं निम्मं साधारण एका वर्षात आणि बाकीचं बहुतेक तीन वर्षांत. आता हे एखाद्या माणसाला लावून पाहू. त्याने रोजचे २४० कॅलरींचं खाणं कायमचं सोडलं. जुन्या सूत्राने वर्षात ११ किलोंहून जास्त जायला हवेत. नव्या गणिताने पहिल्या वर्षात ५ आणि पुढच्या दोन वर्षांत मिळून जवळपास आणखी तेवढेच. माणूस तोच, शिस्त तीच. एका हिशेबाने तो निम्म्यावर नापास झाला, दुसऱ्याने अगदी वेळेवर पोहोचला.

भूकही गप्प बसत नाही. याच गटाच्या पुढच्या एका अभ्यासात दर १ किलो वजन घटल्यामागे भूक रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते, असा अंदाज निघाला. पहिल्या आठवड्यात रात्री ताक पिऊन झोपणं सोपं जातं आणि तिसऱ्या महिन्यात तेच ताक पुरत नाही, ते यामुळे. इच्छाशक्ती विरघळली असं माणसाला वाटतं; प्रत्यक्षात शरीर आपलं गेलेलं परत मागत असतं.

१६ किलो घटूनही निराशा

अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर किती असतं, हे गॅरी फॉस्टर आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. वजन कमी करण्याच्या उपचारांसाठी आलेल्या ६० लठ्ठ स्त्रियांना त्यांनी आधीच विचारून ठेवलं: तुमचं स्वप्नातलं वजन कोणतं, कोणत्या वजनावर आनंद होईल, कोणतं चालवून घ्याल आणि कोणत्या वजनावर निराश व्हाल? सरासरी ९९ किलो वजनाच्या या स्त्रियांचं ‘निराश करणारं’ वजनसुद्धा सुरुवातीपेक्षा साधारण १७ किलोंनी कमी होतं. ४८ आठवड्यांच्या उपचारांनंतर सरासरी १६ किलो घटले. डॉक्टरांच्या दृष्टीने हे घवघवीत यश. त्या स्त्रियांपैकी ४७ टक्के मात्र आपल्या ‘निराश’ रेषेपर्यंतही पोहोचल्या नव्हत्या.

यावरून ‘अपेक्षा लहान ठेवा, नाहीतर सोडून द्याल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो वाटतो तितका पक्का नाही. लठ्ठपणाबद्दलच्या समजुती तपासणारा एक लेख २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. मोठं लक्ष्य ठेवणारे लवकर हार मानतात, याला ठोस पुरावा नाही, असं त्यात म्हटलं होतं. काही अभ्यासांत तर मोठं लक्ष्य ठेवणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं होतं. ‘हळूहळू उतरलेलंच टिकतं’ हेही तसंच. ऑस्ट्रेलियात सुमारे २०० लोकांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाने १२ आठवड्यांत वजन उतरवलं, दुसऱ्याने ३६ आठवड्यांत. पुढच्या सुमारे तीन वर्षांत दोन्ही गटांनी गमावलेल्या वजनापैकी ७० टक्क्यांच्या आसपास परत मिळवलं. फरक जवळपास नाहीच.

म्हणजे मोठं स्वप्न पाहायला हरकत नाही. गडबड होते ती पहिल्या आठवड्याच्या वेगाला नेहमीचा वेग समजल्याने. पाण्याच्या वेगाने चरबी उतरेल अशी वाट पाहणाऱ्याला चौथ्या आठवड्यात फसवणूक झाल्यासारखं वाटणारच.

नेहमीचा वेग किती असतो, याचा एक चांगला अंदाज अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ चाचणीतून मिळतो. टाइप २ मधुमेह असलेले ५,१४५ लोक त्यात होते. ज्यांना नियमित समुपदेशन, ठरलेला आहार आणि व्यायाम असा भक्कम आधार मिळाला, त्यांचं वजन एका वर्षात सरासरी ८.६ टक्के घटलं. ८० किलोंच्या माणसाच्या हिशेबात ७ किलो. आठव्या वर्षी ही घट सरासरी ४.७ टक्क्यांवर आली होती. एवढा आधार नसताना घरच्या घरी यापेक्षा थोडं कमी होत असेल, तर ते अपयश कसं म्हणायचं?

आकड्याबाहेरचा फायदा

सुरुवातीच्या त्या थोड्याशा किलोंना वैद्यकीय किंमत मोठी आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मधुमेह प्रतिबंध चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक होते. आहार आणि व्यायाम बदलणाऱ्या गटाचं वजन सरासरी ५.६ किलोच घटलं, पण मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं.

भारतातला निकाल याहून विचार करायला लावणारा आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध चाचणीत ५३१ जण होते; निष्कर्ष २००६ मध्ये आले. आहार आणि चालण्याच्या सवयी बदलणाऱ्या गटात मधुमेहाचा धोका साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झाला. या गटाचं वजन मात्र लक्षणीय घटलंच नव्हतं. त्यांनी फक्त काट्याकडे पाहिलं असतं तर ‘काहीच उपयोग नाही’ म्हणून सोडून दिलं असतं.

भारतीयांच्या बाबतीत काटा तसाही अर्धीच गोष्ट सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे स्वतःच्या शरीरावरून दाखवलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आतून चरबीचं प्रमाण जास्त, ही भारतीय शरीराची ठेवण त्या एका फोटोने जगाला समजली. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असं सांगतात. शिंप्याकडचा मेजरमेंट टेप या कामाला पुरतो. काटा तीन आठवडे जागचा हलला नाही, पण पँटचा पट्टा एक भोक आत गेला किंवा ब्लाउजची शिवण सैल पडली, तर काय चाललं आहे ते कळतं.

वजन करायचंच असेल तर

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तोच काटा आणि तीच फरशी. चटईवर किंवा सतरंजीवर ठेवलेला काटा काहीही दाखवतो. रोज वजन केलं तर सात दिवसांची सरासरी काढावी आणि मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. ज्यांना रोजच्या आकड्याने दिवस खराब जातो त्यांनी आठवड्यातून एकदाच करावं. पण सोमवारी नको, रविवारचं जेवण त्यात असतं. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी मागच्या आठवड्याशी तुलना करण्यापेक्षा मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करावी. पहिल्या दोन आठवड्यांची घट वेगळी लिहून ठेवावी आणि वेग मोजायचा तो तिसऱ्या आठवड्यापासून, निदान सहा आठवड्यांचा. तेवढ्या काळात सरासरी जराही खाली आली नाही आणि कंबरही तिथेच राहिली, तर मात्र पाण्याचं कारण पुढे करता येत नाही. ताटात काय आणि किती पडतंय ते परत एकदा मोजून पाहावं लागतं. मूठभर शेंगदाणे आणि मुलांच्या ताटात उरलेली अर्धी पोळी या हिशेबात सहसा धरलेली नसते.

वजन घटवणारी नवी इंजेक्शनं २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत आणि तिथे पहिल्या महिन्याबद्दलचा गैरसमज नव्याने दिसतो. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून १६ आठवड्यांत हळूहळू २.४ पर्यंत नेतात. टिर्झेपटाइडचे पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅमचे असतात. हे सुरुवातीचे डोस शरीराला औषधाची सवय व्हावी म्हणून असतात, वजन उतरवण्यासाठी नव्हे. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत सरासरी १४.९ टक्के घट दिसली ती ६८ आठवड्यांनी. हजारो रुपये खर्चून चार आठवड्यांत काही झालं नाही म्हणून औषध सोडणं किंवा स्वतःच डोस वाढवणं, दोन्ही चुकीचं.

काही बाबतींत काट्याकडे न पाहता डॉक्टरांकडे जायला हवं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण एकदम कमी केलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डोस आधी बदलून घ्यावा लागतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच, कारण सुरुवातीला मीठ आणि पाणी बरंच बाहेर पडतं आणि उठताना चक्कर येऊ शकते. पहिला पंधरवडा सरल्यावरही आठवड्याला दीड किलोच्या वर वजन जात राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. पायांवर सूज, दम लागणं आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ, हे हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं. आणि खाणं, चालणं काहीच बदललेलं नसताना वजन आपोआप उतरत असेल, तर आनंद मानण्याआधी रक्तातली साखर, थायरॉइड आणि क्षयरोग यांची तपासणी करून घ्यावी.